पाण्यात क्लोरीन टाकला की नेमकं काय तयार होतं, आणि टाकीपासून माठापर्यंत ते कमी कसं करायचं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन पावसाळ्यांपूर्वी एक फॉरवर्ड आला होता, पाण्यातल्या क्लोरीनने कॅन्सर होतो, अमेरिकेत सिद्ध झालंय, आजच बंद करा वगैरे, खाली लाल अक्षरं आणि चार उद्गारचिन्हं. झालं. मीटिंगमध्ये दोघातिघांनी आवाज चढवला, वॉचमनला सांगून टाकलं की उद्यापासून टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची नाही, आणि मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काही वर्षं काढलेला माणूस असून गप्प बसलो, कारण फॉरवर्ड अगदीच खोटा नव्हता आणि अर्धं खरं असलेलं खोडायला खूप बोलावं लागतं. तीन आठवड्यांनी बी विंगमधली पोरं एकापाठोपाठ एक जुलाबाने आडवी. एच-टू-एसची बाटली (पाण्यात विष्ठेतले जंतू असले की काळी पडते ती) भरून ठेवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी डांबरासारखी काळी. तेव्हा जे बोललो नाही ते आता सविस्तर लिहितोय. सोसायटीची कमिटी, ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक, आणि घरात आरओ घ्यावा का नाही या विचारात पडलेले, सगळ्यांना काही ना काही कामाचं सापडेल.

आधी हे बनतं कसं ते बघू

क्लोरीन पाण्यात गेला की त्याचं हायपोक्लोरस ॲसिड होतं आणि ते जंतू मारतं, हे शाळेत असतं. शाळेत नसतं ते हे, की त्याला जंतू कोण आणि सडलेलं पान कोण यातला फरक कळत नाही, जे सेंद्रिय समोर येईल त्याला तो भिडतो. धरणात नदीत पालापाचोळा, गवत, शेवाळ कुजून जे पिवळसर तपकिरी रसायन पाण्यात उतरतं, चहाच्या पाण्यासारखं, त्याला ह्युमिक आणि फुल्विक ॲसिड म्हणतात. ती तशी निरुपद्रवी. पण क्लोरीन त्यांना तोडतो आणि तोडता तोडता स्वतःचे अणू त्या तुकड्यांना चिकटवतो. हे चिकटलेले तुकडे म्हणजे डिसइन्फेक्शन बायप्रॉडक्ट्स, पुढे डीबीपी म्हणतो. त्यातली दोन घराणी सगळ्यात मोठी: ट्रायहॅलोमिथेन म्हणजे टीएचएम (क्लोरोफॉर्म हा त्यातलाच, पूर्वी भूल द्यायला वापरायचे तोच) आणि हॅलोॲसेटिक ॲसिड म्हणजे एचएए. आजवर ७०० च्या वर डीबीपी ओळखले गेलेत, आणि तरी मोजणीत दिसणाऱ्या एकूण हॅलोजनचा (क्लोरीन, ब्रोमीन वगैरे) मोठा हिस्सा अजून बिननावाचाच आहे.

हे सापडलं त्याची गोष्ट मला फार आवडते. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात योहानेस रूक नावाचा केमिस्ट होता, आधी बिअरच्या धंद्यातला. बिअरचा सुवास तपासायला बाटलीत द्रवाच्या वर जी हवा जमते ती मशीनमध्ये घालायची, ही तिथली पद्धत. त्याने तीच पाण्याला लावली, आणि नदीच्या कच्च्या पाण्यात जे नव्हतं ते क्लोरीन दिलेल्या पाण्यात सापडलं, क्लोरोफॉर्म आणि त्याची ब्रोमीनवाली भावंडं. १९७४ साली हे छापून आलं, त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेलर आणि सहकाऱ्यांनीही तेच दाखवलं. १९०८ ला अमेरिकेतल्या जर्सी सिटीत शहराच्या पाण्याला कायमचा क्लोरीन सुरू झाला होता, म्हणजे सहासष्ट वर्षं लोक क्लोरोफॉर्म पीत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. अर्थात त्याच वर्षांत तिकडे टायफॉइड जवळजवळ संपला, ते पण मोठ्या प्रमाणात त्याच क्लोरीनमुळे.

किती बनेल ते कशावर? सेंद्रिय माल किती, क्लोरीन किती, वेळ किती, पाणी किती गरम, आणि पीएच (पाणी आम्ल का अल्कली याचं माप). पीएच चढा असेल तर टीएचएम जास्त, उतरता असेल तर एचएए जास्त. वेळेचं लोकांच्या लक्षात येत नाही. पाणी केंद्रातून निघालं तरी अभिक्रिया थांबत नाही, पाइपात, टाकीत, गच्चीवर उन्हात तापलेल्या काळ्या टाकीत, क्लोरीन शिल्लक असेपर्यंत चालूच. म्हणून लाइनच्या शेवटच्या घराला टीएचएम सगळ्यात जास्त आणि क्लोरीन सगळ्यात कमी, दोन्हीकडून मार त्यालाच.

आता कोकणातल्या लोकांसाठी एक गोष्ट जरा लांबवून सांगतो कारण ती कुणी सांगत नाही. पाण्यात ब्रोमाइड असेल तर क्लोरीन त्याला हायपोब्रोमस ॲसिड करतो, आणि ते सेंद्रिय मालावर क्लोरीनपेक्षा जोरात तुटून पडतं. मग क्लोरोफॉर्मऐवजी ब्रोमीनवाले टीएचएम बनतात, ते जास्त विषारी. ब्रोमाइड येतं समुद्रातून, समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ६५ मिलिग्रॅम असतं. समजा खाडीकाठच्या विहिरीत उन्हाळ्यात उपसा वाढला आणि शंभर भागात फक्त एक भाग समुद्राचं पाणी शिरलं. क्लोराइड वाढेल १९० मिलिग्रॅम, आपल्या आयएस १०५०० मध्ये (पिण्याच्या पाण्याचं भारतीय स्टँडर्ड) २५० पर्यंत चालतं. टीडीएस (विरघळलेले क्षार) वाढेल साडेतीनशेने. विहिरीचं मूळ पाणी गोडं असेल तर जिभेला फारसं कळणार नाही, रिपोर्टवर पण सगळं हिरवं. पण ब्रोमाइड ०.६५ मिलिग्रॅम झालं, आणि टीएचएमची अख्खी टोळी बदलायला तेवढं पुरतं. म्हणजे खारट लागत नाही म्हणून सगळं ठीक, हे या बाबतीत चालत नाही.

विषारी म्हणजे किती विषारी

इथे फॉरवर्डवाले आणि "काही होत नाही हो" वाले दोघंही घसरतात.

क्लोरोफॉर्म यकृतात गेला की त्याचं फॉस्जीन होतं, तोच पहिल्या महायुद्धातला विषारी वायू. त्याने पेशी मरतात, नव्या भराभर वाढतात, आणि ही मरण्या-वाढण्याची धावपळ वर्षानुवर्षं चालली तर गाठ होऊ शकते, उंदरांत तशी दिसली. पण पेशी मरण्याइतका डोसच गेला नाही तर ही साखळी सुरूच होत नाही, म्हणून याला एक सुरक्षित पातळी मानतात. डब्ल्यूएचओने धरलेली पातळी दर किलो वजनामागे रोज १५ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ९०० झाले. आपल्या स्टँडर्डप्रमाणे क्लोरोफॉर्म लिटरला २०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, दोन लिटर प्यायलात तर ४०० पोटात. म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावरचं पाणी पिऊन सुद्धा निम्म्याच्या आत.

ब्रोमीनवाले वेगळे. ब्रोमोडायक्लोरोमिथेनला मर्यादा ६० मायक्रोग्रॅमची आहे, क्लोरोफॉर्मच्या एक तृतीयांशही नाही. त्यांच्यातले काही शरीरातल्या एका एन्झाइमच्या हातात पडले की थेट डीएनएला धक्का देऊ शकतात, आणि तो एन्झाइम सगळ्यांच्यात सारखा नसतो. कॅन्सरवर काम करणाऱ्या आयएआरसीने क्लोरोफॉर्म, ब्रोमोडायक्लोरोमिथेन, डायक्लोरो आणि ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड या सगळ्यांना २बी मध्ये ठेवलंय, म्हणजे "शक्यता आहे" वाला गट. क्लोरीन दिलेल्या पाण्याला मात्र १९९१ साली गट ३ दिला, ठरवता येत नाही असा.

माणसांत सगळ्यात सातत्याने दिसतो तो मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध, दोनचार महिन्यांचा नाही, तीस-चाळीस वर्षं जास्त टीएचएमचं पाणी वापरलेल्यांत. २०२० साली युरोपातल्या २६ देशांचा हिशेब मांडला गेला त्यात मूत्राशयाच्या कॅन्सरच्या साधारण ५ टक्के केसेस टीएचएमच्या खात्यावर घालता येतील असं आलं. ५ टक्के म्हणजे शून्य नाही. पण याच कॅन्सरमध्ये बिडी-सिगरेटचा वाटा याच्या कितीतरी पट आहे, आणि पाण्यावर तावातावाने बोलणारे आमचे एक काका गॅलरीत उभं राहून सिगरेट ओढतच बोलत होते, असो. गरोदरपणाचं म्हणाल तर १९९८ ला कॅलिफोर्नियातून एक अभ्यास आला की जास्त टीएचएमचं गार नळाचं पाणी रोज पाच ग्लास किंवा जास्त पिणाऱ्या बायकांत गर्भपात जास्त दिसले, खूप गाजला, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासात ते तसं पक्कं झालं नाही. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पण घरात कुणी गरोदर असेल तर पुढचं कार्बन फिल्टरचं वाचा, स्वस्तात होणारं आहे.

आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात? डिसेंबर १९५५ ला दिल्लीत यमुनेच्या इनटेकमध्ये गटाराचं पाणी उलटं आलं आणि काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले, दोन महिन्यांत. लांब कशाला, २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली ती पाण्यातूनच. चाळीस वर्षांनी कदाचित होणाऱ्या गोष्टीला भिऊन चाळीस दिवसांत नक्की होणारी घरात घ्यायची नाही. म्हणून माझं एकच म्हणणं आहे: क्लोरीन कमी करायचा नाही, क्लोरीन जे खातो ते कमी करायचं. पुढच्या सगळ्या स्टेप याच्याच आहेत.

स्टेप १: तुमचं पाणी कुठलं ते आधी शोधा

सोसायटीत निम्म्या लोकांना माहीत नसतं की कॉर्पोरेशनचं किती, बोअरचं किती, टँकरचं किती. वॉचमनला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. खोल बोअरच्या पाण्यात सेंद्रिय माल सहसा कमी, टीएचएमची चिंता कमी (किनाऱ्यावर नसाल तर). धरणाच्या पाण्यात जास्त. मुंबईचं पाणी येतं तानसा, भातसा, वैतरणा इकडून, आजूबाजूला जंगल, पहिल्या पावसात सगळा पाचोळा तलावात. उजनीसारखं उन्हाळ्यात हिरवं पडणारं पाणी असेल तर ते शेवाळच डीबीपीचा कच्चा माल. टँकरवाल्याने भरलं कुठून ते विचारायचंच, आणि "फिल्टरचंय साहेब" हे उत्तर धरायचं नाही, पावती मागायची.

वर्षातले दोन काळ लक्षात ठेवा, पहिल्या पावसाचे तीन-चार आठवडे आणि मे महिना. टेस्ट करायची तर तेव्हाच करा, डिसेंबरमध्ये सगळ्यांचंच पाणी गुणी असतं.

स्टेप २: टाकायच्या आधी मोजा

सगळ्यात जास्त चूक इथे होते. कॉर्पोरेशनच्या पाण्यात आधीच क्लोरीन असतो आणि वॉचमन रोज रात्री वर अजून एक मग टीसीएल ओततो, का तर मागच्या सेक्रेटरीने सांगितलं होतं. दुप्पट क्लोरीन म्हणजे दुप्पट जंतू मरणं नव्हे, ते आधीच मेलेले असतात. उरलेला सेंद्रिय मालाशी खेळत बसतो.

ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टचं किट केमिकलच्या दुकानात मिळतं. नळ मिनिटभर सोडा, नळी पाण्याने दोनदा विसळा, खुणेपर्यंत भरा, ओटीचे थेंब टाका आणि लगेच बघा. पहिल्या दहा सेकंदात जो पिवळा येतो तो मोकळा क्लोरीन. अगदी फिकट, लिंबाच्या सरबतासारखा असेल तर ०.२ च्या आसपास. पाच मिनिटांनी बघून "बघा किती पिवळं झालंय" म्हणू नका, तो उशिरा येणारा रंग अमोनियाशी बांधलेल्या क्लोरीनचा, त्याची मारायची ताकद फार कमी. पहिल्या दहा सेकंदात काहीच नाही आणि नंतर हळूहळू पिवळं होतंय असं दिसलं तर पाण्यात अमोनिया आहे, बऱ्याचदा गटाराचा शेजार. उग्र वासाचं पण तसंच, स्विमिंग टँकवर नाकाडोळ्याला झोंबतो तो वास निव्वळ क्लोरीनचा नसतो, घाम आणि लघवीशी मिळून झालेल्या क्लोरामीनचा असतो.

टेस्ट केलेलं पाणी टाकीत परत ओतायचं नाही, ऑर्थोटोलिडिन स्वतःच कॅन्सरच्या संशयितांच्या यादीत आहे. मी एकाला हे करताना डोळ्यांनी बघितलंय, "चार थेंबाने काय होतंय" म्हणत. जमत असेल तर डीपीडीचं किट घ्या, गुलाबी रंग येतो, थोडं महाग आहे पण नीट मोजतं.

आकडे असे: नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवा, साथ चालू असेल तर ०.५, आणि १ च्या वर जाऊ देऊ नका. टाकीत येणाऱ्या पाण्यालाच ०.२ च्या वर आहे आणि शेवटच्या फ्लॅटलाही तेवढा पोचतोय? मग काहीही टाकू नका, वॉचमनला झोपू द्या.

स्टेप ३: गाळ काढा, हेच खरं काम

जमिनीखालच्या टाकीच्या तळाला बोटभर जो काळसर लिबलिबीत थर असतो ना, तो हातात घेऊन बघा एकदा. शेवाळ, माती, मेलेली झुरळं, पाइपातला गंज. रोज टाकलेल्या क्लोरीनचा पहिला घास तोच घेतो, डीबीपी बनवतो आणि जंतूंना आसरा पण देतो. वर्षातून दोनदा तरी टाकी धुवायची, एकदा मे अखेर आणि एकदा पाऊस संपल्यावर. पाणी उपसा, ब्रशने घासा, गाळ बादलीने बाहेर, मग साफ पाण्याने धुवा. टाकीत माणूस उतरायच्या आधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, वर एक माणूस कायम उभा ठेवा, आणि आत माणूस असताना ब्लीचिंगचं पाणी शिंपडायचं नाही. बंद टाकीत क्लोरीनने गुदमरायला वेळ लागत नाही. टॉयलेट क्लीनरचं ॲसिड तर टाकीच्या जवळपासही नको, ब्लीचिंगबरोबर मिसळलं की सरळ क्लोरीन वायू सुटतो.

गच्चीवरच्या टाकीला झाकण, ओव्हरफ्लोला जाळी, आणि ऊन लागत असेल तर सावली. दोनशे-तीनशे रुपयांची हिरवी नेट लावली तरी फरक पडतो.

गावच्या योजनेला, जिथे नदीचं गढूळ पाणी येतं, तिथे क्रम महत्त्वाचा. आधी तुरटी, मग निवळणं, मग गाळणं, मग क्लोरीन. तुरटीने नुसती माती बसत नाही, त्या चहाच्या रंगाच्या ॲसिडातला बराच भाग पण गाळाबरोबर खाली जातो. पुष्कळ ठिकाणी कच्च्या पाण्यालाच आधी दणकून क्लोरीन देतात, म्हणजे सगळा सेंद्रिय माल जागेवर असताना, आणि मग गाळत बसतात. मोठ्या केंद्रात त्याला कारणं असतात, फिल्टरवर शेवाळ धरतं वगैरे, ते तिथल्या इंजिनियरने ठरवावं. पण छोट्या योजनेत टीसीएलचा ड्रिप गाळण्यानंतर हलवणं हा बिनपैशाचा उपाय आहे.

शेवग्याच्या बिया आणि निवळीच्या बियांबद्दल लोकं विचारतात. आजीच्या काळातली पद्धत, पाणी खरंच निवळतं, शंकाच नाही. पण कुटलेलं बी म्हणजे सेंद्रिय मालच, त्याचा बराच अंश पाण्यात राहतो आणि मागून क्लोरीन दिला की डीबीपीला नवं खाद्य. पाणी उकळून लगेच पिणार असाल तर चालेल, टाकीत साठवून क्लोरीन देणार असाल तर तुरटीच बरी.

स्टेप ४: टाकायचाच असेल तर मापाने

ताजी टीसीएल पावडर म्हणजे ३० ते ३३ टक्के क्लोरीन. हजार लिटरला ५ ग्रॅम हे आपल्याकडचं नेहमीचं माप, त्यातून लिटरला साधारण दीड मिलिग्रॅम पडतो. वीस हजार लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम. मगाने नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने (काटा मग परत स्वयंपाकघरात नको). प्लास्टिकच्या बादलीत पावडरची आधी थोड्या पाण्यात पातळ लापशी करा, मग बादली भरा, ढवळा, दहा मिनिटं तशीच ठेवा. वरची निवळ तेवढी टाकीत, खालचा पांढरा चुना फेकून द्या. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट. टाकीत ०.५ च्या आसपास मिळाला की झालं. मिळाला नाही तर लगेच अजून ओतू नका, आधी विचार करा की गेला कुठे, गाळ आहे का, गटार मिसळतंय का, का पावडरच मेलीय.

पावडर मरते, हे खरं आहे. पोतं उघडं राहिलं आणि पावसाळी हवा लागली की काही महिन्यांत निम्मी ताकद जाते. आमच्याकडे पंपरूममध्ये ज्या पोत्यावर वॉचमन बसायचा ते तीन वर्षं जुनं निघालं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये, सावलीत ठेवा आणि वर तारीख लिहा.

लिक्विड हायपोवाल्यांनो, तुमचं अजून वेगळं. हायपोक्लोराइट कॅनमध्ये पडून राहिलं, त्यात उन्हाळा, की ते आपोआप मोडतं आणि त्याचं क्लोरेट होतं. हा पण डीबीपीच, पाण्यात सेंद्रिय माल असो नसो. डब्ल्यूएचओची मर्यादा ०.७ मिलिग्रॅम. त्यात ताकद कमी झाली म्हणून माणूस दुप्पट ओततो, म्हणजे क्लोरेट पण दुप्पट. स्वस्त पडतं म्हणून सहा महिन्यांचा साठा करू नका, महिन्याभराचाच घ्या.

स्टेप ५: लॅबला द्यायचं तर असं

रुटीन टेस्टच्या यादीत टीएचएम बहुतेक वेळा नसतं, वेगळं मागावं लागतं, आणि त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता "ट्रायहॅलोमिथेन" या पॅरामीटरला आहे का ते फोनवर विचारून घ्या, लॅबला मान्यता आहे एवढं पुरत नाही.

सँपल मिनरल वॉटरच्या बाटलीत नेलं तर पैसे वाया. टीएचएम उडून जाणारी वस्तू, बाटलीत हवा राहिली की ते पाण्यातून हवेत जातं, रूकने शोधलं तेच मुळी या हवेतून ना. लॅबकडून काचेच्या छोट्या बाटल्या आणा, आत उरलेला क्लोरीन मारणारं औषध घातलेलं असतं, ते विसळून टाकू नका, कारण क्लोरीन जिवंत राहिला तर लॅबला पोचेपर्यंत टीएचएम बनतच राहील. नळाची जाळी काढा, धार बारीक, बाटली तिरकी, काठोकाठ, वर पाण्याचा फुगवटा आला पाहिजे, मग झाकण. उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर परत. बर्फात ठेवून पाठवा. एक सँपल टाकीत पाणी येतं तिथलं आणि एक शेवटच्या फ्लॅटचं, दोनातला फरक तुमच्या सोसायटीने घातलेली भर.

रिपोर्ट आला की आधी एकक बघा, मिलिग्रॅम का मायक्रोग्रॅम. यावरून भांडणं झालेली मी बघितलीत. मग चार टीएचएम वेगवेगळे वाचा. आयएस १०५०० ची मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये: क्लोरोफॉर्म २००, ब्रोमोडायक्लोरोमिथेन ६०, डायब्रोमोक्लोरोमिथेन १००, ब्रोमोफॉर्म १००. हिशेबाला आकडे धरू, याच क्रमाने ६०, २४, २०, ५. आपल्या स्टँडर्डला चारही पास. डब्ल्यूएचओची रीत वेगळी, प्रत्येकाला त्याच्या मर्यादेने भागायचं आणि बेरीज १ च्या आत पाहिजे, त्यांचा क्लोरोफॉर्म ३०० चा, बाकीचे तिन्ही आपल्यासारखेच: ०.२ अधिक ०.४ अधिक ०.२ अधिक ०.०५, म्हणजे ०.८५, पास. अमेरिकेत सरळ बेरीज ८० च्या आत लागते, वर्षाच्या सरासरीला. आपली बेरीज १०९. नापास. युरोपची मर्यादा १००, तिथेही नापास. पाणी एकच. त्यामुळे कुणी "अमेरिकन स्टँडर्डला फेल" असं ओरडत आलं तर आधी कागद मागा आणि त्यात ०.४ कुणामुळे आला ते बघा, मला काळजी वाटेल ती त्या २४ ची, ६० ची नाही.

स्टेप ६: घरातलं

टीडीएस मीटर टीएचएम मोजत नाही. अजिबात नाही. तो विरघळलेले क्षार मोजतो, टीएचएमला वीज वाहताच येत नाही. प्युरिफायर विकायला येणारे दोन सळ्या पाण्यात घालून पाणी तपकिरी करून दाखवतात, तो त्या लोखंडी सळीचाच गंज असतो.

टीएचएमवर चालतो तो ॲक्टिव्हेटेड कार्बन. आरओ मशीनमध्ये मेंब्रेनच्या आधी जो काळा कार्ट्रिज असतो तोच मुख्य काम करतो, मेंब्रेन एचएए आणि क्लोरेट चांगलं अडवतं पण क्लोरोफॉर्मसारखा लहान, भार नसलेला रेणू त्यातून बराचसा निसटतो. नुसता यूव्ही असेल तर डीबीपीला काहीच फरक नाही. म्हणजे टीडीएस मुळात कमी असलेल्या कॉर्पोरेशनच्या पाण्याला पाणी वाया घालवणारा आरओ कशाला, चांगला कार्बन आणि त्यामागे यूव्ही पुरतो. कार्बनची खोड अशी की तो भरतो, आणि टीएचएम पकडायची त्याची ताकद क्लोरीन पकडायच्या ताकदीच्या खूप आधी संपते. पाण्याला वास नाही म्हणजे कार्बन चालू आहे असं नव्हे. आणि कार्बनमधून गेलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, ते दोन दिवस हंड्यात ठेवलं तर जंतूंना रान मोकळं. लागेल तेवढंच काढा.

फिल्टर नको असेल तर उकळा. पाच मिनिटं खळखळून, झाकण काढून, खिडकी उघडी ठेवून. टीएचएमचा बराचसा भाग उडून जातो, झाकण ठेवलं तर वाफेबरोबर परत भांड्यात. एचएएचं तसं नाही, ट्रायक्लोरो मोडतं पण डायक्लोरो तसंच राहतं, त्यामुळे अर्धा तास आटवत बसण्यात अर्थ नाही, पाणी आटेल आणि ते घट्ट होईल. रात्रभर माठात ठेवलं तर क्लोरीन बराच जातो, टीएचएम थोडं, एचएए नाही. लिंबू पिळलं तर क्लोरीन मरतो, आधीच बनलेल्या टीएचएमला त्याचं काही नाही.

आणि बाथरूम. गीझरच्या गरम पाण्याच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर श्वासातून आणि कातडीतून जाणारा क्लोरोफॉर्म दिवसभर दोन लिटर पाणी पिण्याच्या बरोबरीला येऊ शकतो. हजारोंचा प्युरिफायर किचनमध्ये लावायचा आणि बाथरूमची खिडकी वास्तूसाठी बंद करून टाकायची, हे मी दोन घरांत बघितलंय. एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, पाणी अंगाला सोसेल तेवढंच गरम. बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्यांचं आपोआप थोडं बरं चालतं, शॉवरसारखे बारीक थेंब उडत नाहीत.

कार्ट्रिज बदलला की त्याच्यावर मार्करने तारीख टाका आणि सहा महिन्यांनंतरचा रिमाइंडर मोबाईलला लावा. आमच्या पंपरूमच्या दाराला आता एक वही लटकवलीय, रोज सकाळचं रीडिंग, टाकलेले ग्रॅम, सही. वॉचमन त्यात मधूनमधून दुधाचा हिशेब पण लिहितो, पण क्लोरीनचा रकाना एकही दिवस रिकामा नाहीये.